तीस वजा करा, मग निम्मं

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना सा. न. वि. वि.

नोव्हेंबरची तिकिटं पक्की झाली, फार बरं वाटलं. एक गोष्ट फोनवर नीट सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहितेय. पत्र जपून ठेवा, इथे आल्यावर रोज लागेल.

इथे अमेरिकेत, मिनेसोटात, हवामान, घरातला हीटर, ओव्हन, सगळं फॅरनहाइटमध्ये चालतं, आपल्यासारखं सेल्सियसमध्ये नाही. सकाळी टीव्हीवर 'आज २०' असं दिसेल, आणि बाबा, तुम्हाला वाटेल छान हवा आहे, स्वेटर घालून एक चक्कर मारून येऊ. ते २० म्हणजे आपले उणे ७. निफाडचा पारा पाच-सहावर आला तरी पेपरात बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्याच्याही खाली बारा अंश! मी दिवसभर ऑफिसात असणार. बाहेर पडायचं की नाही हे विचारायला तुम्ही माझ्या फोनची वाट बघत बसावं, हे मला अजिबात नको आहे. तुमचं तुम्हाला ठरवता आलं पाहिजे.

सोपी रीत अशी: दिसेल त्या आकड्यातून ३० वजा करा आणि उरेल त्याचं निम्मं करा. ७० दिसले तर ४० उरले, निम्मे २०. खरं उत्तर २१, म्हणजे कामापुरतं झालं. ५० ला तर अगदी बरोबर १० येतात. पण जसजसे ५० पासून लांब जाल तसतशी चूक वाढते, आणि थंडीत ती नेमकी नको त्या बाजूला होते. शून्य फॅरनहाइटला या रीतीने उणे १५ येतील, प्रत्यक्षात असतात उणे १८. तेव्हा हिवाळ्यात आलेल्या उत्तरापेक्षा दोन-तीन अंश जास्तच थंडी धरायची. आणि वाऱ्यामुळे किती गार वाटेल तो आकडाही शेजारी देतात, कपडे त्याच्या हिशेबाने घालायचे.

बाबा, तुमची पावकी-निमकी अजून पाठ आहे, म्हणून तुम्हाला पक्की रीतही सांगते. ३२ वजा करा, निम्मं करा, आणि त्या निम्म्याचा दहावा भाग त्यातच मिळवा. ८६ घ्या: ५४, निम्मे २७, वर २.७, झाले २९.७. खरे ३०. उलट जायचं तर दुप्पट करा, त्यातून दहावा भाग काढा आणि ३२ मिळवा. हे उत्तर तंतोतंत येतं. अकोल्याला मावशीकडे मे महिन्यात ४५ असतात ना? ९०, वजा ९, राहिले ८१, अधिक ३२, झाले ११३. इथल्या शेजाऱ्यांना सांगा, त्यांचे डोळे विस्फारतील.

एका ठिकाणी मात्र जपा. 'उद्या तापमान २० अंशांनी उतरेल' असं म्हणाले, तर तो फरक आहे, तिथे ३० किंवा ३२ वजा करायचे नाहीत. नुसतं निम्मं आणि वर दहावा भाग: म्हणजे आपले ११ अंश.

आई, तुला या आकडेमोडीचा कंटाळा येईल, म्हणून तुझ्यासाठी फ्रिजवर कागद लावून ठेवते: ३२ म्हणजे ०, ५० म्हणजे १०, ६८ म्हणजे २०, ८६ म्हणजे ३०, १०४ म्हणजे ४०. दर दहाला अठरा वाढतात, एवढंच. आपले १६ आणि २८ तर उलटे वाचले की झालं, इथले ६१ आणि ८२. ओव्हनला वजाबाकीच नको, नुसतं निम्मं पुरतं. तुझी नानकटाई १७५ वर होते, इथे ३५० लाव.

तापाचं तुला काही नवं नाही, आपण ताप पहिल्यापासून फॅरनहाइटमध्येच मोजतो. तरी एक लक्षात ठेव. डिजिटल थर्मामीटरचं बटण चुकून दाबलं गेलं की तो सेल्सियस दाखवायला लागतो. ३७ म्हणजे तुझे ९८.६. पण ३८ दिसले तर 'काही नाही, बरी आहे मी' म्हणून बाजूला ठेवू नकोस. ते १००.४ असतात, लगेच मला फोन कर.

बाबा, उणे ४० ला दोन्ही मापं एक होतात. आमच्या राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीवरच्या इंटरनॅशनल फॉल्सला, पारा कधीकधी तिथवर जातो. आपण तिकडे उन्हाळ्यात जाऊ.

घरात हीटर ६८ वर असतो. तुम्हाला गार वाटलं तर खुशाल ७२ करा, विजेच्या नाहीतर गॅसच्या बिलाचा विचार करू नका. बर्फातले बूट तिकडून आणू नका, इथेच घेऊ. फक्त दोघांच्या पायाचं माप सेंटिमीटरमध्ये मोजून या आठवड्यात कळवा.

तुमची,
ताई