कुलचिन्ह आहे म्हणून ताट जुने नसते

महोदय,

रविवारच्या पुरवणीत प्यूटरच्या (कथिलाच्या मिश्रधातूच्या) ताटांवरील लेखात ‘युरोपीय घराण्याचे कुलचिन्ह असले की ताट सतराव्या शतकातले समजावे’ असे म्हटले आहे. हा सल्ला पाळणारा हमखास फसेल. विसाव्या शतकात जर्मनीत भिंतीवर टांगायला अशी शोभेची ताटे ढिगाने ओतली गेली. मागे ‘९५% झिन’ (जर्मनमध्ये झिन म्हणजे कथील) असा टक्केवारीचा शिक्का दिसला, की ते ताट आधुनिकच.

सतराव्या शतकातील न्यूरेंबर्गच्या ताटांवर मधोमध घोड्यावरचा सम्राट आणि काठावर त्याचे निर्वाचक, म्हणजे त्याला निवडून देणारे राज्यकर्ते, असतात. ही उठावाची चित्रे साच्यातूनच येतात. अस्सल ताटावरून साचा घेऊन केलेल्या नकलेत लगाम, ढालीवरच्या रेषा बोथट होतात आणि धातू आकसल्याने व्यासही किंचित कमी भरतो.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. तिथे साधे ताट ओतून, चरकावर कातून चिन्ह बहुधा हाताने कोरत. इथे भिंग घ्या. सुरीचा ओरखडा कोरीव रेषेला कापून गेला असेल तर चिन्ह वापराच्या आधीचे. रेषाच ओरखड्यांवरून गेली असेल तर ते मागाहून कोरलेले, बहुतेक भाव वाढवायला. कारागिराचा शिक्का पाठीमागे शोधावा, पण लंडनच्या प्यूटर-कारागिरांच्या संघाकडची शिक्क्यांची नोंद १६६६च्या आगीत गेली आणि १६६८पासून नव्याने सुरू झाली, हे ध्यानात ठेवूनच. मुकुटाखालचा ‘एक्स’ दर्जा सांगतो, साल नाही.

चिंच आणि राखेने घासण्याचा लेखातील उपाय तर घातकच. प्यूटर म्हणजे मुख्यतः कथील. ते मऊ असते. राखेने कोरीव रेषा झिजतात आणि आंबटाने पृष्ठभाग खाल्ला जातो. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडके, लगेच कोरडे करणे, बस्स. करडी झाक राहू द्यावी, जाणकार तिचेच पैसे मोजतात. कल्हईवाल्याकडे तर मुळीच नेऊ नये. शुद्ध कथील २३२ अंशांना वितळते आणि प्यूटर बहुधा त्याच्या आसपास किंवा आधीच, त्यामुळे भट्टीवर कल्हई चढण्याऐवजी ताटच वाहून जाईल.

जुन्या ताटात शिसे असू शकते, म्हणून त्यात जेवू नये, लोणचे-आमटी तर नकोच. ओकच्या बंद कपाटातही ते ठेवू नये. त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा शिसे खातात.

— एक वाचक, पुणे