हार्मोन तपासणी आणि केसपेपरवरील नोंदीबाबत तक्रार

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक व व्यवस्थापन,
सोलापूर.

विषय : अपुऱ्या तपासणीवरून ‘सर्व नॉर्मल’ असा निष्कर्ष काढल्याबाबत आणि केसपेपरवरील अपमानकारक नोंद रद्द करण्याबाबत.

महोदय,

माझे सर्व रिपोर्ट नॉर्मल असल्यामुळे माझी तक्रार निकाली काढण्यात आली आहे, असे आज सकाळी तुमच्या ग्राहक सेवा कक्षातून मला फोनवर सांगण्यात आले. रिपोर्ट नॉर्मल आले ही माझी तक्रार नव्हतीच. जे तपासलेच नाही ते नॉर्मल कसे ठरले, ही तक्रार होती. फोनवरच्या मुलीला ती समजली नाही याचा दोष मी तिला देत नाही, कारण समोरच्या पडद्यावर जेवढे लिहिले होते तेवढेच ती वाचत होती. पडद्यावर ते कोणी लिहिले, याचे उत्तर मात्र तुम्ही द्यायचे आहे.

महिलांसाठीच्या तुमच्या हार्मोन पॅकेजमध्ये काय असते हे मी तुम्हाला सांगायला नको. पाळी महिनोन्‌महिने न येणे, हनुवटीवर राठ केस उगवणे, मानेवर काळपट, जाडसर पट्टा दिसणे आणि खाण्यापिण्यात फरक नसताना वजन वाढत जाणे, हे सगळे मी नोंदणीच्या फॉर्मवर लिहून दिले होते. तरीही टीएसएच (थायरॉइडसाठीची हार्मोन तपासणी), उपाशीपोटीची साखर, हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी एवढ्यावरच काम भागवले गेले. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तपासले नाही, प्रोलॅक्टिन हे दुधाशी संबंधित हार्मोन तपासले नाही. हार्मोन पॅकेजमध्ये हार्मोन मोजला तो एकच.

आता तपासणी कक्षात काय झाले ते सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडील नोंदीत ते एका ओळीत उरकलेले आहे. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे न पाहता रिपोर्ट चाळले आणि माझ्या आईला विचारले, “लग्न झालंय का हिचं?” आईने नाही म्हणताच, “मग कशाला एवढी काळजी करता? लग्न झालं की सगळं सुरळीत होतं,” असे निदान झाले. मी पाळीच्या तारखांची वही पुढे केली, तेवढ्यात त्यांना जुळे सोलापुरातील कुठल्याशा फ्लॅटच्या व्यवहाराचा फोन आला. तो संपेपर्यंत वही टेबलावर उघडी होती आणि तिच्यावर त्यांचे कोपर होते. फोन ठेवल्यावर ते म्हणाले, “सोनोग्राफी स्वच्छ आहे, म्हणजे पीसीओएस नाही.” पीसीओएस म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित करणारा आजार. मी मानेवरचा पट्टा दाखवला. खुर्चीतून न उठता, लांबूनच पाहून त्यांनी मला सांगितले, “मान घासत जा जरा. मळ आहे तो.” शेजारी उभी असलेली नर्स हसली. माझी आई खाली बघत राहिली.

मी अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहते. घासून निघण्यासारखे ते असते, तर निदान टॉवेलांसाठी मला तुमच्यापर्यंत यावे लागले नसते.

त्या पट्ट्याला अ‍ॅकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात आणि शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, हे मला पुढे पुण्याच्या हार्मोनतज्ज्ञांनी मान हातात धरून, उजेडाकडे वळवून सांगितले. पीसीओएसच्या निदानासाठी २००३ पासून रॉटरडॅमचे निकष वापरले जातात. अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनचे आधिक्य आणि सोनोग्राफीत दिसणारी विशिष्ट ओव्हरी या तीनपैकी कोणत्याही दोन गोष्टी असल्या आणि थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी इतर कारणे वगळली, तर निदान होते. म्हणजे सोनोग्राफी स्वच्छ असूनही पीसीओएस असू शकतो. मी हिशेब पाहणारी बाई आहे आणि मला हे कळते. पुण्यात टेस्टोस्टेरॉन वाढलेले निघाले, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी घेतलेली साखरही मर्यादेच्या वर आली. उपाशीपोटीची साखर तिथेही नॉर्मलच होती. तुम्ही ती पाहिली आणि तिथेच थांबलात.

पाळी दीर्घकाळ आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे त्यातून गंभीर आजाराचा धोका संभवतो. हे तुमच्या स्त्रीरोग विभागाला ठाऊक नसेल, असे मी मानत नाही. मग लग्नाचा सल्ला कोणत्या वैद्यकीय आधारावर दिला, ते लेखी कळवावे.

केसपेपरची प्रत हातात आली तेव्हा त्यावर ‘वैयक्तिक स्वच्छतेबाबत समुपदेशन केले’ अशी नोंद दिसली. पुढे कोणत्याही डॉक्टरने माझे कागद उघडले, तर आजाराच्या आधी त्याला माझी अस्वच्छता वाचायला मिळणार. नोंद काढा म्हटल्यावर, “सिस्टीम लॉक झाली आहे मॅडम,” असे उत्तर मिळाले. चुकीची नोंद टाकताना सिस्टीम उघडी होती.

माझ्या बहिणीची दोन्ही बाळंतपणे तुमच्याकडे झाली. आमच्या गल्लीत कोणी विचारले तर आम्ही तुमचेच नाव सांगत आलो. ते आता बंद झाले आहे, आणि कारण विचारणाऱ्याला मी कारणही सांगते.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. सदर नोंद चुकीची असल्याची लेखी दुरुस्ती केसपेपरला जोडावी. संबंधित डॉक्टरांचा लेखी खुलासा मला द्यावा. माझ्या सर्व वैद्यकीय कागदपत्रांच्या प्रती, वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, ७२ तासांत द्याव्यात. आतापर्यंत मिळालेली केसपेपरची एकच प्रत पुरेशी नाही. पैसे परत करण्याचा किंवा पुढील तपासणीत सूट देण्याचा प्रस्ताव पाठवू नये. समाधानकारक उत्तर न आल्यास मी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. दोन्ही अर्ज तयार आहेत.

आणि याच हार्मोन पॅकेजवर सवलत असल्याचे जे संदेश तुम्ही मला अजूनही पाठवता, ते आजपासून थांबवावेत.

आपली,
तक्रारदार रुग्ण
नाव व केसपेपर क्रमांक सोबत जोडलेल्या प्रतीवर आहेत.