ठेकेदाराच्या बिलावर सिस्टरची सही घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

सरकारी हॉस्पिटलात काही झालं की लगेच 'हजेरी कडक करा' सुरू होतं, म्हणून लिहितेय. मी जिल्हा रुग्णालयातून अधिसेविका म्हणजे मेट्रन म्हणून रिटायर झाले. लोकांना वाटतं मेट्रनला लई पॉवर, अहो कसली पॉवर, ड्युटी लिस्ट मी पेन्सिलनेच लिहायचे, खोडायला सोपं. नाईटची एक सिस्टर आजारी पडली की बाळंतपणाच्या वॉर्डातली उचलून मेडिसिनला टाकायची, मग तिकडं एकटीच 40 खाटा सांभाळणार आणि सकाळी राऊंडला तिलाच बोलणी.

सफाईवाले सगळे ठेकेदाराचे. त्यातला एक दुपारनंतर गायबच, मी ओरडले तर म्हणाला, मॅडम पगार तुम्ही देता का? खरंच होतं त्याचं, 3 महिन्यांचे पैसे थकलेले आणि बिल कुठल्या टेबलावर अडकलंय ते सीएस म्हणजे सिव्हिल सर्जन साहेबांनाही माहीत नाही.

ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडला 24 तासांत 24 पेशंट गेले, त्यात 12 तान्ही बाळं, तेव्हा एका खासदारांनी डीनला संडास साफ करायला लावला ते टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. संडास घाण होता, मान्य. पण क्लास फोरच्या म्हणजे शिपाई-सफाईवाल्यांच्या किती जागा भरल्यात हे त्यावेळी टाळ्या वाजवणाऱ्यांनी विचारलं का? नगरच्या सिव्हिलला 6 नोव्हेंबर 2021 ला आयसीयूत आग लागून 11 जण गेले आणि अटक झाली एका डॉक्टर बाईंना आणि 3 नर्सना. आग विझवायची यंत्रणा बसवायचं काम नर्सचं असतं का हो?

आमच्यातही कामचुकार आहेत, खोटं कशाला बोलू. ड्युटीवर मोबाईल बघत बसणाऱ्या दोघींना मी मेमो दिले, एकीचा दुसऱ्याच दिवशी परत घ्यावा लागला कारण वरून फोन आला. त्यानंतर बाकीच्यांनी मला किती जुमानलं असेल ते तुम्हीच समजा.

माझं मागणं एवढंच आहे की वॉर्डात किती सफाईवाले आले हे इन्चार्ज सिस्टरने लिहून द्यावं आणि तिची सही असल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढू नये, तिच्याशिवाय खरा आकडा कोणालाच माहीत नसतो.

आपली,
एक निवृत्त अधिसेविका