खराट्याच्या काड्यांचा कंदील

पुणे,
धनत्रयोदशी

प्रिय मित्रा,

काल वसुबारसेला गॅलरीत कंदील लावला आणि पहिली आठवण तुझी झाली. विकतचा नाही रे. पोरं आणि मी चार दिवस खपून घरी केला, आपण वाड्याच्या ओट्यावर बसून करायचो तसाच.

बांबूच्या कामट्या जवळपास कुठे मिळेनात, म्हणून नवा खराटा सोडला. हीर एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतो. दोन हीर उलटसुलट ठेवून बांधले की काडी सगळीकडे सारखी होते, ही युक्ती धाकटीची. वीतभर, म्हणजे नऊ इंचांच्या अशा २४ काड्या केल्या. गोधडीच्या दोऱ्याने चार-चार बांधून सहा चौकोन, मग चौकोनांचे कोपरे एकमेकांना जोडायचे. पुढचं मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. शेवटची गाठ बसली तसा थोरला सांगाडा फिरवून फिरवून बघत राहिला आणि ओरडलाच, "बाबा, त्रिकोण आपण केलेच नाहीत, तरी आठ झालेत!" आपणही असेच मोजत बसलो होतो, आठवतं?

सकाळी उठून पाहतो तर सांगाडा मुडपून चपटा. धाकटी रडायलाच लागली. त्रिकोण आकार सोडत नाही, चौकोन मात्र कलंडतो, आणि म्हणूनच काका आपल्याला प्रत्येक चौकोनात एक तिरकी काडी बांधायला लावायचे, हे मी साफ विसरलो होतो. जवळजवळ तेरा इंचांच्या सहा काड्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बांधल्या आणि सांगाडा ताठ उभा राहिला. मग धाकटी हसली.

खळ घरचीच. दोन चमचे मैदा कपभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर चकाकी येईपर्यंत ढवळायचा. घाईने गरमच लावली तर पतंगाचा कागद भिजून फाटला. पूर्ण गार होऊ द्यावी आणि बोटाने फक्त काडीला लावावी, कागदाला नाही. वाळल्यावर पांढरा कागद सैल वाटला तर वरून ओला हात हलकेच फिरवायचा. पुन्हा वाळताना तो ताणून बसतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवला. कडांना जुन्या लग्नपत्रिकांच्या सोनेरी पट्ट्या लावल्या. पैसे गेले ते कागदाचे आणि दोऱ्याचे, ४० रुपये.

झिरमिळ्या धाकटीने कापल्या. एक हातभर लांब, एक बोटभर. आई म्हणाली, सारख्या करू या. मी हात लावू दिला नाही. वाऱ्यावर त्या आखूड-लांब झिरमिळ्या इतक्या छान हलतात की काल जेवण होईपर्यंत आम्ही गॅलरीतच होतो. आत पाच वॅटचा एलईडी आहे, तो फारसा तापत नाही, त्यामुळे कागदाची धास्ती नाही.

त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत उतरवणार नाही. त्याआधी एखाद्या रविवारी सगळे या. तुझ्या लेकीसाठी २४ काड्या कापून ठेवतो, गाठी तिच्या तिला मारू दे. आणि काकांना नक्की आण. तिरक्या काड्या त्यांना दाखवायच्या आहेत.

तुझाच,
वाड्यातला सोबती