पतंगाची ओळख केवळ छायाचित्रावरून नको

महोदय,

आफ्रिकेच्या उंच पर्वतांवरील पतंगाचे (फुलपाखरासारख्या कीटकाचे) छायाचित्र पाहताक्षणीच त्याच्या जातीचे नाव सांगून मोकळे होण्याची जी घाई दिसते, तिच्याविषयी हे पत्र. किलिमांजारो (५८९५ मीटर), माउंट केनिया (५१९९ मीटर) आणि रुवेंझोरी हे पर्वत सखल, उष्ण प्रदेशाने एकमेकांपासून तुटलेले असल्याने थंडीला सरावलेले पतंग तेथे बेटावर असावेत तसे अलग पडतात, आणि पंखांवरची नक्षी जवळपास सारखी राहिली तरी ते निराळ्या जातींचे असू शकतात. उलट, एकाच जातीचे नर आणि मादीसुद्धा कधी कधी परके वाटतात. म्हणूनच अभ्यासक उदराचे टोक अल्कलीच्या द्रावणात मऊ करून जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात आणि जाती ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सीओआय’ या जनुकाच्या सुमारे ६५८ डीएनए-अक्षरांच्या तुकड्याची तुलना करतात.

एवढ्यानेही काम संपत नाही, कारण ज्या मूळ नमुन्यावरून जातीचे पहिले वर्णन झाले, त्याच्याशी पडताळा घ्यावाच लागतो. वसाहतकाळात गोळा झालेले असे असंख्य नमुने आज युरोपातील संग्रहालयांत आहेत. केनिया, टांझानिया वा युगांडातील अभ्यासकाला आपल्याच डोंगरावरचा पतंग ओळखण्यासाठी त्यांवर अवलंबून राहावे लागते, हे मला मनापासून खटकते. या नमुन्यांची सुस्पष्ट छायाचित्रे, जननेंद्रियांच्या चित्रांसह, सर्वांना विनामूल्य मिळायला हवीत. तोवर छायाचित्र टिपणाऱ्यांनी ठिकाण, उंची आणि तारीख न चुकता नोंदवावी, आणि खात्री नसेल तेथे कुळाचे नाव सांगून थांबावे.

– एक वाचक