सर्व्हर बदलल्यावर झालेला लॉगिनचा घोळ आणि तीनही कॉम्प्युटरवर ठेवलेला ‘एसए’ : तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
हिशोब सॉफ्टवेअर विभाग

विषय : लॉगिनच्या चुकीचं कारण न शोधता सर्वांना ‘एसए’ हे सर्व्हरवरचे सगळे अधिकार असलेलं खातं वापरायला लावल्याबद्दल

महोदय,

लातूरच्या मार्केट यार्डात आमचं आडत दुकान आहे. काटा (वजन), हिशोबपट्टी आणि चुकारा (शेतकऱ्याचे पैसे देणं) ही तिन्ही कामं तुमच्या सॉफ्टवेअरवर चालतात. हिशोब मी पाहते. सोयाबीनची आवक ऐन जोरात असताना तुमच्या माणसाने जुना सर्व्हर काढून नवा बसवला. हे काम उन्हाळ्यात करा म्हणून आम्ही मागे लागलो होतो, पण ते असो. त्याने एसक्यूएल सर्व्हर, म्हणजे डेटाबेस सांभाळणारा प्रोग्राम, नव्याने टाकला, जुन्या बॅकअपवरून डेटाबेस रिस्टोअर केला, सर्व्हरवरच बसून मॅनेजमेंट स्टुडिओत (डेटाबेस पाहायच्या प्रोग्राममध्ये) टेबलं उघडून दाखवली आणि “ताई, डेटा आला बघा सगळा” म्हणून निघून गेला. दुकानातल्या एकाही कॉम्प्युटरवरून लॉगिन करून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सौदा झाला, काट्यावर कट्टे चढायला लागले आणि तीनही कॉम्प्युटरवर एकच ओळ आली : ‘लॉगिन फेल्ड फॉर युजर’. चूक क्रमांक १८४५६.

तुमच्या मदत कक्षात फोन लावला तर पहिला प्रश्न, नेट चालू आहे का? मग राउटर बंद करून चालू करा. मग अँटिव्हायरस काढा, फायरवॉल बंद करा. हे सगळं मी निमूटपणे केलं, कारण समोर औसा, चाकूर, रेणापूरकडचे शेतकरी पट्टीसाठी उभे होते आणि वाद घालायला वेळ नव्हता. मुनीमकाकांनी कपाटातलं जुनं पट्टीबुक काढलं, कार्बन घातला आणि हाताने पट्ट्या करायला बसले. हमाली, तोलाई, वजनातली घट, सगळं कॅल्क्युलेटरवर. टेम्पो भाड्याने आणलेल्या माणसाला थांबल्या तासाचे पैसे मोजावे लागतात. त्यांनी आम्हाला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

माझी तक्रार मुळात इथेच आहे. ‘लॉगिन फेल्ड’ अशी ओळ आली, याचाच अर्थ कॉम्प्युटर सर्व्हरपर्यंत पोचला, सर्व्हरने नाव विचारलं आणि नाही म्हटलं. नेट किंवा फायरवॉल आड आली असती तर ओळ वेगळी आली असती : सर्व्हर सापडला नाही किंवा तिथवर पोचता येत नाही, अशा अर्थाची. या दोन ओळींतला फरक ज्याला कळत नाही, त्याला हंगामात फोनवर बसवू नका. त्या दिवशी बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करा असंही कोणी सांगितलं नाही. ती मीच केली.

पडद्यावर दिसणाऱ्या निरोपात ‘स्टेट १’ एवढंच असतं, आणि ते मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. बाहेरून खोटं नाव टाकून पाहणाऱ्याला नाव चुकलं की पासवर्ड, हे कळू नये म्हणून. खरं कारण सर्व्हर स्वतःच्या नोंदीत लिहितो. सर्व्हरच्या ‘लॉग’ फोल्डरमध्ये ‘एररलॉग’ नावाची फाइल असते. तिला पुढे शेपूट नसतं, म्हणून डबल क्लिक केलं की विंडोज विचारतं कशात उघडू, नोटपॅडमध्ये उघडते. तुमच्यापैकी एकानेही ती फाइल मागितली नाही. शेवटी मीच उघडली. प्रत्येक फसलेल्या लॉगिनची वेळ, खात्याचं नाव, कुठल्या कॉम्प्युटरवरून आलं त्याचा आयपी आणि शेजारी ‘सिव्हिरिटी १४, स्टेट ५८’. कारणही त्याच ओळीत : एसक्यूएल लॉगिनने (एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या नाव-पासवर्डने) यायचा प्रयत्न झाला, पण सर्व्हर फक्त विंडोज लॉगिनसाठी लावलेला आहे.

म्हणजे तुमच्या माणसाने इन्स्टॉल करताना आधीच निवडलेला पर्याय तसाच ठेवून ‘पुढे, पुढे’ दाबत नेलं. दोन्ही प्रकारची लॉगिन चालू देणारा मिक्स्ड मोड निवडून सर्व्हिस एकदा रीस्टार्ट केली असती तर एवढा अडथळा तरी चहा होईस्तोवर दूर झाला असता.

हे मी फोनवर वाचून दाखवल्यावर तुमचे वरिष्ठ रिमोटने आले आणि त्यांनी मोड बदलला. मग स्टेट ५ यायला लागलं : या नावाचं लॉगिनच सापडत नाही. तेही साहजिक होतं. लॉगिन आमच्या डेटाबेसमध्ये नसतात, ती सर्व्हरच्या ‘मास्टर’ डेटाबेसमध्ये असतात. तुम्ही आमचा डेटाबेस आणला आणि लॉगिन जुन्या मशिनवरच राहिली. वरिष्ठांनी त्याच नावांची नवी लॉगिन तयार केली. आता नाव-पासवर्ड पटायला लागले, पण डेटाबेस उघडेना. पडद्यावर चूक क्रमांक ४०६० आणि नोंदीत स्टेट ३८. नाव तेच असलं तरी नव्या लॉगिनचा आतला ओळखक्रमांक, एसआयडी, वेगळा असतो. गावात एका नावाचे दोन शेतकरी असले तरी गट नंबर पाहूनच सातबारा देतात, तसंच. डेटाबेसमधल्या जुन्या युजरला नव्या लॉगिनशी जोडायला ‘ऑल्टर युजर’ या आज्ञेची एकेक ओळ लागते. आमची खाती तीन, म्हणजे तीन ओळी.

त्या तीन ओळी लिहायच्या सोडून तुमच्या वरिष्ठांनी तीनही कॉम्प्युटरवर ‘एसए’ टाकून दिला. “तात्पुरतं चालू द्या, हंगाम संपला की बघू.” हंगाम संपला, तूर यायला लागली, एसए तिथेच आहे.

एसए म्हणजे सर्व्हरचा पूर्ण मालक. आमच्याकडे काट्यावरच्या मुलाला फक्त वजन टाकता यायचं, पट्टी करणाऱ्याला चुकाऱ्याला हात लावता यायचा नाही. ही वाटणी तुम्हीच विकताना कौतुकाने दाखवली होती आणि तिच्यासाठी आम्ही जादा पैसे मोजले होते. आज काट्यावरून कोणीही भाव बदलू शकतो. मध्यंतरी एका पट्टीत भाव दुरुस्त झाला. दुरुस्ती बरोबर होती, पण खरेदीदाराच्या माणसाने कोणी केली विचारलं तेव्हा नोंदीत ‘एसए’. तिघेही एसए. मुनीमकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

त्यात हा पासवर्ड. तुमचा फोनवरचा मुलगा सहज म्हणाला, “आपला नेहमीचाच टाका ना ताई.” तो ‘नेहमीचा’ पासवर्ड तुमचं सॉफ्टवेअर असलेल्या दुसऱ्या दुकानातल्या मुनिमांनाही तोंडपाठ आहे, हे मला यार्डातच समजलं. वर तुमची मागणी अशी की पुण्याहून मदत सोपी जावी म्हणून राउटरवर १४३३ पोर्ट (एसक्यूएल सर्व्हरचं नेहमीचं दार) बाहेरून उघडून द्या. त्याला आम्ही नकार दिला आणि देत राहू. मे २००२ मध्ये ‘स्पायडा’ नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, याच पोर्टवरून, एसएचा पासवर्ड कोरा असलेले सर्व्हर शोधत फिरला होता. गावभर ठाऊक असलेला पासवर्ड कोऱ्यापेक्षा फार वेगळा नाही. आणि एसए हाती लागला की ‘एक्सपी सीएमडीशेल’ ही एसक्यूएल सर्व्हरमधली सोय चालू करून नुसता डेटाबेस नव्हे, त्या मशिनवर हवी ती आज्ञा चालवता येते. त्या मशिनमध्ये शेतकऱ्यांची बँक खाती आहेत, मोबाइल नंबर आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ ही जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्यावर टाकतो, म्हणजे दुकानावर. तुमचं नाव तिथे पुढे येणार नाही.

तेव्हा हे पत्र मिळाल्यावर यार्डाच्या सुट्टीच्या दिवशी जाणता माणूस पाठवा. त्याने काटा, पट्टी आणि चुकारा ही तीनही लॉगिन पूर्वीच्या अधिकारांसह जोडून द्यावीत, प्रत्येक कॉम्प्युटरवर बसून समोर चालवून दाखवावीत आणि मगच एसए बंद करावा. सर्व्हरच्या देखभालीसाठी लागणारं ॲडमिन खातं दुकानाच्या नावावर असेल, तुमच्या नाही. हाताने केलेल्या पट्ट्या पुन्हा सॉफ्टवेअरमध्ये चढवायला आम्ही माणूस लावला. त्याची मजुरी या वर्षीच्या देखभाल शुल्कातून वळती करावी. बिल जोडलं आहे. हे होईपर्यंत पुढच्या वर्षीचं शुल्क भरणार नाही.

एररलॉगची प्रतही सोबत आहे. तिच्यात पासवर्ड लिहिलेले नसतात, म्हणून पाठवली. एसएचा पासवर्ड मी बदलला आहे आणि तो फोनवर कोणालाही सांगितला जाणार नाही.

आपली,
हिशोबनीस,
आडत दुकान, मार्केट यार्ड, लातूर

सोबत : एररलॉगची प्रत, मजुरीचं बिल, हाताने केलेल्या पट्ट्यांच्या झेरॉक्स