पेनड्राइव्ह ‘आरोहित’ करू नका, लावा

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

विंडोज 10 बंद झाल्यावर जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं यावर तुमच्या पेपरात आलेलं वाचलं, त्यात सगळा जोर नवीन कोणता घ्यावा यावरच होता, म्हणून लिहितोय. माझं कराडला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तीन पीसी, तिन्हींत इंटेलचा आय3 प्रोसेसर, चौथ्या जनरेशनचा. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे अपडेट थांबले, घरगुती वापरासाठी मुदतवाढ दिली ती ऑक्टोबर 2026 पर्यंतची, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते, इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनच्या खालचा सहसा चालत नाही. म्हणजे धडधाकट चालणारी मशीनं भंगारात!

भाचा म्हणाला, मामा, लिनक्स मिंट बघा, विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम आहे. मी म्हटलं माझा डेटा उडाला तर तू येणारेस का भरून द्यायला? तर त्याने सांगितलं की आधी टाकायचंच नाही, नुसतं चालवून बघायचं. जवळपास 3 जीबीची फाईल डाउनलोड करून पेनड्राइव्हवर चढवली, मशीन चालू होताना एफ12 दाबून पेनड्राइव्ह निवडला, आणि अख्खा डेस्कटॉप पेनड्राइव्हवरूनच उघडला, हार्डडिस्कला हातसुद्धा लागला नाही. पटलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, रीस्टार्ट करा, विंडोज जिथल्या तिथे. पैसे शून्य. मग मी दोन पीसींवर मिंटचा एक्सएफसीई नावाचा हलका प्रकार टाकला, 4 जीबी रॅमवर तो बरा पळतो.

सगळं गोड झालं असं नाही. एका मशीनचं वायफाय दिसेचना, शेवटी मोबाइल केबलने जोडून त्यावरून नेट घेतलं, ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाकला, तेव्हा लागलं. आणि तिसरा पीसी मी विंडोजवरच ठेवलाय कारण लग्नपत्रिकांचं जुनं डीटीपी, म्हणजे पत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर, इकडे चालत नाही, तो पीसी नेटला जोडतच नाही. बाकी दोन्हींवर फॉर्म, पीडीएफ, प्रिंट सगळं चालतं. मराठी कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त सेटिंगमधून चालू करायचा, इनस्क्रिप्ट नावाचा. आमच्या गावाचं जुनं नाव ‘कऱ्हाड’, त्यातलं ‘ऱ्ह’ लिहायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू, एवढं बोटाला बसलं की झालं.

आता मुद्द्याचं. मी हौसेने मेनूपण मराठी करून ठेवले तर एका प्रोग्रॅममध्ये पेनड्राइव्हपुढे ‘आरोहित करा’ असं आलं, इंग्रजीतल्या ‘माउंट’चं भाषांतर, म्हणजे पेनड्राइव्ह वापरायला तयार करणं. फॉर्म भरायला आलेली बारावीची पोरगी विचारते, काका, आरोहित म्हणजे काय हो? मलाही तेव्हा सांगता येईना. विंडोजमध्ये असतं तर हसून सोडून दिलं असतं, इथे भाचा म्हणाला की खटकतंय ना, मग तुम्हीच बदला, मिंटचं भाषांतर लाँचपॅड नावाच्या साइटवर लोकच करतात. मला कोडमधलं ओ की ठो कळत नाही पण तिथे वर इंग्रजी वाक्य आणि खाली रिकामी चौकट, एवढंच काम. पहिल्याच दिवशी ‘5 फायली निवडल्या’ लिहिताना आकड्याच्या जागी असलेलं टक्क्याचं चिन्ह खोडलं, तर साइटने वाक्यच नाकारलं. एकवचन अनेकवचन वेगळं भरावं लागतं, ‘1 फाईल निवडली’ वेगळं, हे बघून मात्र बरं वाटलं. आरोहितला मी ‘जोडा’ सुचवलं होतं, पण ‘जोडा’ आधीच नेटवर्कला कनेक्ट होण्यासाठी वापरलेला, मग ‘लावा’ सुचवलं. दुकानात कोणीही पेनड्राइव्ह लावा आणि काढा असंच म्हणतं. आपण सुचवलेलं लगेच दिसत नाही, आधीचे भाषांतरवाले तपासतात, मग पुढच्या कुठल्यातरी अपडेटमध्ये येतं. ते बरोबरच आहे, नाहीतर कोणीही काहीही लिहील.

केरळात सरकारी शाळांमध्ये कित्येक वर्षं असंच फ्री सॉफ्टवेअर चालतंय, मल्याळम मेनूसकट. आपल्याकडे मराठी बोर्डावरून भांडणं होतात (व्हावीत, माझं काही म्हणणं नाही) पण मराठी मेनूच्या रिकाम्या चौकटी भरायला माणूस मिळत नाही.

साहेब, तुमच्या डेस्कवर रोज इंग्रजी बातम्यांचं मराठी होतं, लोकांच्या तोंडचा शब्द कुठला आणि पुस्तकी कुठला हे तुमच्या उपसंपादकांना माझ्यासारख्या झेरॉक्सवाल्यापेक्षा जास्त कळतं. त्यातल्या एकदोघांनी महिन्यातून तासभर दिला तरी पुष्कळ होईल. आणि नवीन लॅपटॉपवर जसा अर्धं पान लेख आला तसा पेनड्राइव्हवरून चालवून कसं बघायचं यावर एक छापा, फोटो मी माझ्या दुकानातले पाठवतो.

‘लावा’ अजून मंजूर झालेलं नाही.

– एक वाचक, कराड